‘संकीर्ण’चा गठ्ठा सोडवा: मराठी प्रकाशकांना अनावृत पत्र

मराठी ई-पुस्तके काढणाऱ्या सर्व प्रकाशकांना,



गेल्या मे महिन्यात माझी नात सुट्टीला आली होती. यंदा सहावीत गेली. आमच्या गच्चीवरच्या मधुमालतीत बुलबुलाने घरटे केले होते, त्यामुळे तिला पक्ष्यांचे पुस्तक हवे होते. तेही मराठीच, कारण तिच्या बाबांनी सुट्टीसाठी तशी अट घातली होती. मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि माझ्या ई-ग्रंथालयातल्या ‘पक्षी’ या विषयावर टिचकी मारली. चार पुस्तके आली. पहिलेच होते ‘एक झाड आणि दोन पक्षी’. पोरगी वाचायला बसली. दहा मिनिटांनी विचारते, “आजी, यात पक्षी कधी येतात?”

ते विश्राम बेडेकरांचे आत्मचरित्र. त्यात पक्षी येत नाहीत, सिनेमा आणि नाटक येते. मग मी बाकीचे विषय उघडून पाहिले, आणि माझी झोपच उडाली. बेडेकरांचीच ‘रणांगण’ ही कादंबरी ‘युद्धशास्त्रा’त होती. माधव आचवलांचे ‘जास्वंद’, म्हणजे शुद्ध साहित्यसमीक्षा, ‘बागकामा’त. माधवी देसाईंचे ‘नाच ग घुमा’ हे आत्मकथन ‘नृत्या’त. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘शेती’त सापडला, तो निदान अर्धा तरी जागेवर होता.

हा पराक्रम माझ्या भाच्याचा. तो पुण्यात संगणकाचे काम करतो, मराठी वाचतो ती दुकानांच्या पाट्यांपुरती. गेल्या पावसाळ्यात माझा गुडघा प्लॅस्टरमध्ये असताना दोन रात्रींत त्याने सहाशे पुस्तके ‘लावून’ दिली. मी त्याला दोष देत नाही. त्याच्यासमोर पुस्तकाच्या नावाखेरीज काही नव्हतेच. तेवढ्यावर मीसुद्धा आचवलांना कुंडीतच लावले असते, फक्त मी ते पुस्तक वाचले होते म्हणून वाचले.

तर हे पत्र त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

विकत घेतलेली, भेट आलेली, संस्थांनी मोफत उपलब्ध करून दिलेली अशी साडेअकराशेच्या आसपास पुस्तके माझ्याकडे आहेत. प्रत्येक फाईलच्या पोटात त्या पुस्तकाची ओळख लिहायला जागा असते. गुडघा बरा होईपर्यंत दुसरे काम नव्हते, म्हणून मी त्या जागा एकेक करून उघडल्या. लेखकाच्या जागी ‘ॲडमिन’. हा ॲडमिन मराठीतला सगळ्यात कष्टाळू लेखक असावा. संतचरित्रापासून शेअर बाजारापर्यंत त्याला काही वर्ज्य नाही. शीर्षकाच्या जागी ‘फायनल करेक्शन न्यू २’. भाषेच्या जागी इंग्रजी, कारण अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये ती आधीच भरलेली असते आणि ती कोणी बदलत नाही. (वाचून दाखवणारी यंत्रे याच खुणेवरून आवाज निवडतात. डोळ्यांनी दिसत नसलेल्या वाचकाला तुमचे मराठी पुस्तक इंग्रजी उच्चारात ऐकावे लागते ते त्यामुळे.) आणि विषयाच्या जागी बहुतेक ठिकाणी काहीच नाही. जिथे आहे तिथे ‘जनरल’, ‘ईबुक’, नाहीतर ‘मराठी’. मराठी पुस्तकाचा विषय मराठी!

मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेत काढली, त्यातली शेवटची चौदा अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये. पाठीवर विषय लिहिल्याशिवाय नस्ती, म्हणजे फाईल, आत घ्यायची नाही, हा माझा नियम होता. टेबलावरचे लिपिक कुरकुरत. “मॅडम, आत सगळं लिहिलंय की!” आत लिहिलेले वाचायला माणूस बसवावा लागतो, पाठीवरचे जाता जाता दिसते. आणि विषय लिहायचा तो ज्याने प्रकरण हाताळले त्यानेच, कारण त्याला तो एका मिनिटात लिहिता येतो. मला ती नस्ती पहिल्या पानापासून वाचावी लागली असती. माहितीचा अधिकार आला तेव्हा या एका मिनिटाचे मोल सगळ्या खात्यांना कळले. वीस वर्षांपूर्वीच्या पाझर तलावाचा कागद कोणी मागितला, की पाठ कोरी असलेल्या नस्त्यांचे गठ्ठे सोडत बसण्यात आठवडा जाई.

तुमचे ई-पुस्तकही नस्तीच आहे. ई-पब ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा: प्रकरणे, चित्रे, मुखपृष्ठ, आणि एक छोटी फाईल, जिला मी मनातल्या मनात ‘पाठ’ म्हणते. त्या पाठीवरचे रकाने डब्लिन कोअर नावाच्या पद्धतीचे असतात. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि त्यातून ही पद्धत निघाली. आयर्लंडचा काही संबंध नाही. मूळ रकाने पंधरा. ई-पबच्या नियमांत त्यातले तीन सक्तीचे आहेत: शीर्षक, ओळखक्रमांक आणि भाषा. विषय ऐच्छिक. आणि ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडे त्याचे काय होते, ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला विचारावे.

ई-पुस्तके लावून ठेवायला मी कॅलिबर वापरते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये हा प्रोग्रॅम लिहायला घेतला तो सोनीचे वाचनयंत्र लिनक्सवर चालेना म्हणून. आज तो जगभर मोफत मिळतो. कॅलिबरमध्ये ई-पब टाकली की विषयाच्या रकान्यात जे काही असेल ते आपोआप टॅग होऊन पुढे येते. म्हणजे तुम्ही कार्यालयात बसून एकदा लिहिलेले चार शब्द नांदेडच्या, पणजीच्या, बडोद्याच्या, न्यू जर्सीच्या वाचकाच्या यंत्रात जसेच्या तसे उगवतात. तुम्ही ते लिहीत नाही, म्हणून प्रत्येकाला आपापल्या घरी तेच काम पुन्हा करावे लागते. आणि त्यातल्या प्रत्येकाला भाचा असतोच असे नाही.

आता थोडे माझ्या प्रयोगांविषयी. तुमच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगते.

आधी मी फोल्डर करत होते. इतिहास, धर्म, कादंबरी, आरोग्य. फोल्डर म्हणजे कपाटच. एक पुस्तक एकाच खणात बसणार. पहिल्याच दिवशी ज्ञानेश्वरीपाशी अडले. धर्मात ठेवू की कवितेत? हा पेच माझ्या एकटीचा नाही. मेल्विल ड्यूईने १८७६ साली दशांश पद्धत काढली, आपल्या बऱ्याच ग्रंथालयांत अजून तीच चालते. तिच्यानुसार गीता आणि गीतेवरच्या टीका २९४.५९२४ वर जातात आणि मराठी कविता ८९१.४६१ वर. दोन्ही क्रमांक बरोबर, आणि कपाटात दोन्हींच्या मध्ये सगळे विज्ञान, तंत्रज्ञान आणि कला उभी. शिवाय ड्यूईच्या धर्मविभागात २२० ते २८० ही सात घरे ख्रिस्ती धर्माला दिलेली आणि बाकीच्या जगाचे देव २९० च्या एका घरात दाटीवाटीने बसवलेले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कॉलेजच्या ग्रंथालयासाठी ते योग्यही असेल. माझ्याकडे वारकरी, महानुभाव, नाथ, दत्त संप्रदाय एवढीच पुस्तके दीडशेच्या वर आहेत. ती सगळी एका दशांश चिन्हाच्या मागे चार-चार आकडे लावून उभी करायची?

वाट सापडली ती एस. आर. रंगनाथन यांच्याकडे. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असताना एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: पट्ट्या आणि स्क्रू तेच, जोडणी वेगळी, की खेळणे वेगळे. त्यावरून त्यांना सुचले की विषयाला तयार घर देण्यापेक्षा सुटे भाग द्यावेत आणि ते जोडावेत. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. मुख्य गोष्ट, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ असे पाच पैलू. छापील पुस्तकाला शेवटी कपाटात एकाच जागी उभे राहावे लागते, त्यामुळे ही पद्धत थोडी अवघडच वाटायची. ई-पुस्तकाला ती नेमकी बसते. ज्ञानेश्वरी एकाच वेळी गीतेत, वारकरी संप्रदायात, ओवीत आणि तेराव्या शतकात असू शकते, आणि कोणत्याही खणातून कोणाला उठवावे लागत नाही.

यातून मला जे कळले तेच तुम्हाला कळकळीने सांगायचे आहे. तुमच्या छापील सूच्या मी आवडीने वाचते. कथा, कादंबरी, कविता, नाटक, ललित, वैचारिक, अनुवादित, आणि शेवटी संकीर्ण. वर लिहिलेले असते ‘विषयवार सूची’. ही विषयवार नाही हो! हे साहित्यप्रकार झाले. कादंबरी हा घाट आहे. विषय म्हणजे ती कशाबद्दल आहे ते.

‘बनगरवाडी’ घ्या. घाट कादंबरी. विषय? माणदेश, धनगर, एकशिक्षकी शाळा, दुष्काळ. खेड्यातल्या शिक्षणावर काही वाचू पाहणाऱ्या डी. एड.च्या मुलीला व्यंकटेश माडगूळकरांचे हे पुस्तक हवेच आहे, पण ‘कादंबरी’ या पाटीखाली ती कशाला शोधेल? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’: घाट आत्मचरित्र, विषय धर्मांतर, मराठी ख्रिस्ती समाज, संसार, एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रिया. दया पवारांचे ‘बलुतं’: घाट आत्मकथन, विषय जात, गावकी, मुंबईचा कावाखाना. मी कॅलिबरमध्ये ‘प्रकार’ असा एक वेगळा स्तंभ केला आणि घाट तिकडे हलवला. त्या दिवशी माझे निम्मे गोंधळ मिटले. विषय सांगितल्याने कादंबरीची गोडी जाते असे म्हणणारे भेटतात. त्यांनी स्वतःच्याच पुस्तकांचे मलपृष्ठ वाचावे. तिथे शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळे सांगितलेले असते.

उरला संकीर्ण. संकीर्ण म्हणजे कार्यालयातला तो गठ्ठा, ज्यावर ‘किरकोळ’ लिहिलेले असते आणि चौकशी लागली की नेमका महत्त्वाचा कागद त्याच्यातच सापडतो. एका सूचीत संकीर्णाखाली मला गोधडीची शिवण, पानिपत, मधुमेह आणि पत्रसंग्रह शेजारी शेजारी दिसले. ‘विषय ठरवायला वेळ नव्हता’ या वाक्याला आपण एक भारदस्त संस्कृत नाव दिले आहे, एवढेच.

टॅगची आपली संकटे आहेत, ती लपवत नाही. सुरुवातीला माझ्याकडे ‘आत्मचरित्र’, ‘आत्मकथा’, ‘आत्मकथन’, ‘आत्मवृत्त’ आणि ‘चरित्र-आत्मचरित्र’ असे पाच वेगळे टॅग होते. पाचही ठिकाणी थोडीथोडी पुस्तके, पूर्ण कुठेच नाहीत. मग शब्दांची एक यादी केली आणि भिंतीवर लावली. यादीबाहेरचा शब्द घ्यायचा नाही. नवा हवा असेल तर त्याखाली निदान तीन पुस्तके जमली पाहिजेत. एखाद्या विषयाखाली फार साचले की तो फोडायचा. कॅलिबरमध्ये मध्ये टिंब देऊन उपविषय करता येतात, तसे ‘इतिहास.मराठेशाही’, ‘इतिहास.स्वातंत्र्यलढा’. होमिओपॅथी ‘आरोग्या’त ठेवायची की ‘श्रद्धे’त, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही, आणि होईल असे वाटत नाही.

मग लेखनाची तऱ्हा. ॲ हे अक्षर दोन रीतींनी टंकले जाते: एक सलग अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि दुसरे अ वर चंद्र देऊन. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्याचा’ मधला अर्धा र तसाच दोन मार्गांनी येतो, त्यामुळे फुल्यांचा असूड शोधला की कधी सापडतो, कधी नाही. ळ ची तर कीव येते. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, युनिकोडच्या तक्त्यात ल आणि व यांच्या मध्ये. ज्या प्रोग्रॅमला मराठी क्रम ठाऊक नाही तो त्याला तिथेच बसवतो. नावांचेही तेच. पु. ल. देशपांडे माझ्याकडे चार माणसे होऊन आले: टिंबानंतर जागा सोडलेले, न सोडलेले, संपूर्ण नावाचे, आणि आडनाव आधी लावलेले. कुसुमाग्रजांची कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके एकाच माणसाची आहेत हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. ई-पबमध्ये लेखकाचे नाव दाखवायचे कसे आणि क्रम लावायचा कसा, या दोन्ही गोष्टी स्वतंत्र लिहायची सोय आहे. ती वापरलेली मराठी फाईल मला आजवर दिसलेली नाही.

तुमच्यापैकी काही म्हणतील, आता शोधयंत्र असताना विषय कशाला? शब्द टाका, पुस्तक येईल. जुन्या फाँटांत जुळवलेल्या पीडीएफमध्ये शब्द टाकून पाहा. तिथे पानावर मराठी दिसते आणि आत चिन्हांचा भुगा असतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर अक्षरेच नाहीत, नुसते फोटो आहेत. पण समजा सगळे स्वच्छ युनिकोडमध्ये आहे. विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. नाव आहे ‘माझा प्रवास’. नाव ठाऊक असलेल्याला ते शोधयंत्र लगेच देईल. पण ज्याला झाशीबद्दल वाचायचे आहे आणि असे काही पुस्तक आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यासमोर ते कोणत्या शब्दाने येणार? रंगनाथनांच्या पाच सूत्रांतले एक असे आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. इथे पुस्तक वाचकाला शोधत असते, आणि त्याच्या हातात विषयाखेरीज दुसरी चिठ्ठी नसते.

गोडश्यांवरून आठवले: तारखेच्या रकान्यात तुम्ही ई-आवृत्तीची तारीख टाकता. त्यामुळे माझ्या ग्रंथालयात १८८३ चा ‘असूड’ आणि परवा आलेले गुंतवणुकीचे पुस्तक एकाच वर्षी जन्मलेले दिसतात. मूळ प्रकाशनवर्ष कुठेतरी लिहा. कुठे लिहिता यावर मी भांडणार नाही.

आणि कुलूपबंद पुस्तके, जी तुमच्याच किंवा दुसऱ्या कोणाच्या ॲपमध्येच उघडतात. त्यांची मी कॅलिबरमध्ये रिकामी नोंद करून ठेवते: नाव, लेखक, विषय आणि ‘फोनवर आहे’ असा शेरा. कुलुपाबद्दल वाद घालायची ही जागा नव्हे. पण ॲपमधल्या पाट्या तरी ‘बेस्टसेलर’ आणि ‘नवीन’ यांच्या पुढे जाऊ द्या.

मागणे फार नाही. हस्तलिखित स्वीकारताना लेखकाला एक अर्धपानी कागद द्या: हे पुस्तक कशाबद्दल आहे, कुठले आहे, कोणत्या काळाचे आहे, तीन ते पाच शब्दांत. लेखक ते आनंदाने लिहील; त्याला एरवी कोणी विचारतच नाही. संपादकाने ते सामायिक यादीतल्या शब्दांशी जुळवावे. अशी यादी तुमच्या परिषदांनी आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून करावी आणि मोफत द्यावी, म्हणजे एकाचा ‘पर्यावरण’ दुसऱ्याचा ‘निसर्ग’ होणार नाही. फाईल बाहेर पडण्यापूर्वी कोणीतरी पाठ उघडून पाहावी, आणि ॲडमिनला लेखकपदावरून मुक्त करावे. एका पुस्तकाला पंधरा मिनिटे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि मग १९३८ ते १९५० ची दुसरी, तेव्हा त्यांच्यापाशी ना संगणक होता ना झेरॉक्स. तुमच्यापुढे तुमचीच पुस्तके आहेत, आणि ती तुम्ही वाचलेली आहेत असे मी धरून चालते.

माझी यादी एकशे शहाऐंशी शब्दांची झाली आहे. कोणाला हवी असेल त्याने न्यावी, बदलावी, टाकून द्यावी. ‘संकीर्ण’ हा शब्द तिच्यात नाही.

आपली,
एक निवृत्त अभिलेखपाल आणि वाचक

ता. क. ‘पक्षी’ या विषयातले चौथे पुस्तक मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ निघाले. नातीने ते जूनपर्यंत पुरवून वाचले. जाण्याआधी तिने लॅपटॉपवर बसून बेडेकरांच्या पुस्तकाला स्वतःचा एक टॅग लावला: ‘यात पक्षी नाहीत’. तो भिंतीवरच्या यादीत नाही आणि त्याखाली तीन पुस्तकेही जमलेली नाहीत. मी तो तसाच ठेवला आहे.